अळीला सवय लागत नाही

दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे. आमच्या यवतमाळकडच्या पोरांनी धड्यातला जिराफ चित्रातच पाहिलेला, पण गुलाबी बोंडअळी हातावर घेतलेली. म्हणून मी हा धडा पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीपासून सुरू करतो.

बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. "बीटीवर अळी कशी आली?" असं विचारलं की वर्गातून हमखास उत्तर येतं, "सर, तिला विषाची सवय झाली." घरीदारी त्यांनी हेच ऐकलेलं असतं. या 'सवय' शब्दापाशीच उत्क्रांती समजायची अडते.

मग मी तूर काढतो. टेबलावर ९८ दाणे पांढऱ्या तुरीचे, २ लाल. पांढरे म्हणजे बीटीनं मरणाऱ्या अळ्या, लाल म्हणजे तगणाऱ्या. दर पिढीला पांढऱ्यांतले दहापैकी नऊ उचलायचे आणि उरलेल्यांच्या प्रमाणात पुन्हा १०० दाणे मांडायचे. पहिल्या फेरीनंतर लाल १७ होतात, दुसऱ्या फेरीनंतर ६८, तिसऱ्या फेरीनंतर ९६. पोरं गप्प होऊन बघत राहतात. एकाही दाण्यानं रंग बदललेला नसतो, बदललेला असतो तो ढीग.

शेतात हेच झालं. बीटी कपाशीत मातीतल्या एका जिवाणूचं प्रथिन तयार होतं. ते अळीच्या आतड्याला चिकटतं आणि अळी मरते. मोजक्या अळ्यांमध्ये ती चिकटण्याची जागाच जन्मतः वेगळी असते. त्या वाचल्या, त्यांचीच वीण वाढली. आपल्याकडे बीटी २००२ साली आलं, दोन प्रथिनांचं वाण २००६ साली. २०१० साली गुजरातेतल्या गुलाबी अळीनं पहिल्या प्रथिनाला दाद न दिल्याचं जाहीर झालं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोंडं किडली.

अमेरिकन बोंडअळी तूर, हरभराही खाते. बीटी नसलेल्या पिकांवर तिची साधी, म्हणजे बीटीनं मरणारी, वीण टिकून राहते. गुलाबी अळी जवळपास कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यावरचा बीटीचा दाब फार मोठा. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची ती यासाठीच. ती पेरलेल्या ओळींतल्या साध्या पतंगांशी तगणाऱ्या पतंगांचा संकर व्हावा, हा हेतू. तग धरायला तग देणारं जनुक आई-बाप दोघांकडून यावं लागतं. एकाकडूनच आलं तर अळी बीटीवर मरते. धड्यातली आनुवंशिकता आणि उत्क्रांती इथे एकत्र येतात, आणि मला हा तास वर्षभरातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुष्कळ घरी ती पुडी पेरलीच गेली नाही. पोरांना हे माहीत असतं. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, मग फरदड ठेवली तर?" हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता पुढे राखायची, ती फरदड. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं फळ्यावर महिन्याला साधारण एक पिढी धरून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मांडले आणि प्रत्येक महिन्यापुढे लाल दाण्यांचे आकडे लिहीत गेली.