सातपुड्यात राक्षसाचा सांगाडा? नाही हो!

खड्ड्यात आडवा पडलेला प्रचंड सांगाडा, शेजारी मुंगीएवढी माणसं. ‘घटोत्कचाची हाडं सापडली’ असं सांगत हा फोटो जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. जागा सोयीनुसार बदलते. आपल्याकडे आला की अर्थातच सातपुडा.

मूळ फोटो अमेरिकेतला आहे. २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथे मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष भाईबंदाचं उत्खनन चाललं होतं. फोटो-करामतींच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी २००२ साली त्यात माणसाचा सांगाडा चिकटवला गेला. २००७ मध्ये तर तो भारतात छापूनही आला!

खरा पुरातन मानव सापडला तो सातपुड्यापलीकडे. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा गावी, १९८२ साली, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना. सांगाडा नव्हे, नुसता कवटीचा वरचा भाग, तोही अर्धवट. आधी त्याला होमो इरेक्टस, म्हणजे आपल्याआधीची एक नामशेष मानवजात, म्हटलं गेलं. पुढे अनेकांनी ते अमान्य केलं आणि वाद अजून मिटलेला नाही. मेंदूचं आकारमान मात्र जवळपास आपल्याच पल्ल्यातलं, राक्षसी काही नाही.

खानदेशाला अभिमानच हवा असेल तर चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे आहे. तिथे दगडी हत्यारं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळालेत, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. तेही आपल्यासारख्याच माणसांनी घडवलेले.