समुद्रतळाखाली कार्बन गाडायचा, पण हायड्रेटला घाई नाही

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम संशोधन संस्थेच्या पीटर ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दूरनियंत्रित यंत्राच्या मदतीने त्यांनी ३,६२७ मीटर खोलीवर, समुद्रतळावर ठेवलेल्या काचेच्या चंचुपात्रात द्रवरूप कार्बन डायऑक्साइड सोडला होता. काही तासांत पात्र ओसंडू लागलं. द्रव आजूबाजूचं पाणी ओढून घेत होता, त्याचं हायड्रेट, म्हणजे पाणी आणि वायूचा बर्फासारखा घन पदार्थ, होऊन तळाशी बसत होतं, आणि वर ढकलले गेलेले द्रवाचे गोळे काठावरून पडून समुद्रतळावर उड्या मारत निघून जात होते. कमी खोलीवरच्या प्रयोगांत मात्र असं काही घडलं नव्हतं. तिथे द्रव आणि पाण्याच्या मधे फक्त एक पातळ पापुद्रा धरला. तोच वायू, तोच समुद्र आणि वेग इतका वेगळा! हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड समुद्रात साठवण्याच्या चर्चेत आज हायड्रेट बनण्याच्या वेगाचा जो प्रश्न आहे, तो या दोन दृश्यांत पूर्ण दिसतो.

हायड्रेट दिसायला बर्फासारखं असतं. पाण्याचे रेणू एकमेकांत गुंफून पोकळ पिंजरे बनवतात आणि वायूचे रेणू त्यात अडकतात. कार्बन डायऑक्साइडच्या हायड्रेटमध्ये पाण्याच्या ४६ रेणूंमागे असे ८ पिंजरे असतात. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याला साधारण २० वातावरणांचा दाब पुरतो, म्हणजे सुमारे २०० मीटर खोल पाणी. एका घनमीटर हायड्रेटमध्ये नेहमीच्या तापमान-दाबाचा दीडशे घनमीटरहून अधिक वायू मावतो. शिवाय ते समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे आपणहून वर येत नाही.

हे नवं ज्ञान नव्हे. क्लोरीनचं हायड्रेट हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास ओळखलं. कार्बन डायऑक्साइडचं हायड्रेट पोलिश शास्त्रज्ञ झिग्मुंट व्रुब्लेव्स्की यांनी १८८२ मध्ये नोंदवलं. त्यानंतरची पन्नासेक वर्षं ते प्रयोगशाळेतलं कुतूहल होतं. १९३४ मध्ये हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं, की अमेरिकेतल्या नैसर्गिक वायूच्या वाहिन्या बर्फाने नाही, हायड्रेटने तुंबतात. तिथून हायड्रेट हे तेल-वायू उद्योगाचं दुखणं झालं. ते बनू नये म्हणून मिथेनॉल ओता, वाहिन्या गरम ठेवा, वायूतलं पाणी काढा, असे उपाय निघाले. हायड्रेट कसं बनतं याबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंचसं ते थांबवू पाहणाऱ्यांकडून आलेलं आहे. आता तीच माहिती उलटी वापरायची वेळ आली आहे.

समुद्रात कार्बन सोडण्याची कल्पना चेझारे मार्केती यांनी १९७७ मध्ये मांडली. जिब्राल्टरपाशी भूमध्य समुद्राचं खारं, जड पाणी अटलांटिकच्या पोटात उतरतं. त्यात वायू सोडावा, असं ते म्हणत होते. पुढे हवाईच्या कोना किनाऱ्याजवळ आंतरराष्ट्रीय प्रयोग ठरला. स्थानिकांनी विरोध केला, प्रयोग नॉर्वेकडे नेला, आणि २००२ मध्ये नॉर्वे सरकारने तोही रद्द केला. विरोध निराधार नव्हता, कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाणी आम्लधर्मी करतो. २००६ मध्ये लंडन प्रोटोकॉल या, समुद्रात कचरा टाकण्यावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली आणि समुद्रतळाखालच्या थरांत साठवण्याची वाट मोकळी झाली; पाण्यात सोडण्याची झाली नाही.

समुद्रतळाखालची साठवण हायड्रेटविनाही होतेच. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या घरात वायू वालुकाश्मात पुरला गेला. पण तिथे तो पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून वर अभेद्य खडकाचं झाकण लागतं. २००६ मध्येच कर्ट हाउस, डॅनियल श्रॅग आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग सुचवला. तीन हजार मीटरहून खोल समुद्राच्या गाळात द्रव कार्बन डायऑक्साइड भोवतालच्या पाण्याहून जड असतो, आणि तो वर सरकलाच तर वाटेत हायड्रेट होऊन स्वतःच छिद्रं बुजवतो.

अडचण वेगाची आहे. हायड्रेटचा पहिला स्फटिक जन्माला यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो. तास जातात, कधी दिवस. आणि एकदा सुरुवात झाली की दुधावर साय धरावी तसा थर वायू आणि पाण्याच्या मधे पसरतो आणि दोघांची गाठ पडू देत नाही. ढवळत राहिलं तर थर फुटतो, पण ढवळायला वीज लागते, आणि ती बनवताना कार्बन सुटत असेल तर हिशोब फसतो.

म्हणून रसायनं आली. सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे शांपूत असतो तसला फेसाळ पदार्थ, अगदी थोडा मिसळला तरी हायड्रेट झपाट्याने वाढतं, हे २००० मध्ये झाँग आणि रॉजर्स यांनी इथेन व नैसर्गिक वायूवर दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राजनीश कुमार यांच्या गटाने सिंगापूरच्या प्रवीण लिंगा यांच्यासह असली द्रव्यं आणि सच्छिद्र माध्यमं कार्बन डायऑक्साइडवर तपासली. तो निबंध २०१३ चा. पण समुद्रात फेस कोण ओतू देईल? त्यामुळे लक्ष ल्युसिनसारख्या अमिनो आम्लांकडे वळलं. ती निसर्गात विघटित होतात आणि फेसही फारसा करत नाहीत. टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, वैभव बहादुर यांच्या गटाने आधी विजेचा दाब देऊन आणि मग मॅग्नेशियम वापरून स्फटिकाचा जन्म लवकर घडवला. मॅग्नेशियम पाण्याशी अभिक्रिया करतं आणि हायड्रेटची सुरुवात लांबत नाही.

मला वाटतं, वेगाच्या या शर्यतीत दोन वेगळी कामं एकत्र मोजली जातात. गाळात थेट वायू सोडायचा असेल, तर विहिरीच्या तोंडाशीच हायड्रेट बनणं म्हणजे १९३४ चं दुखणं परत ओढवून घेणं. तिथे सावकाशपणा सोयीचा. वेग हवा तो दुसऱ्या पद्धतीत, जिथे जहाजावर किंवा किनाऱ्यावर टाकीत हायड्रेटचे ठोकळे बनवून ते समुद्रतळाशी पोचवायचे. या पद्धतीत नुसतं लवकर बनवून भागत नाही. हायड्रेट बनताना उष्णता बाहेर पडते, आणि जितकं लवकर बनवाल तितक्याच लवकर ती काढावी लागते; नाहीतर टाकी तापून वाढ थांबते. समुद्राचं पाणी कार्बन डायऑक्साइडने संपृक्त नसल्यामुळे उघडे ठोकळे तळाशी हळूहळू विरघळतात. म्हणजे आवरणात बंद करा किंवा गाळाखाली पुरा. आणि प्रोटोकॉलने वाट दिली आहे ती तळाखालच्या थरांना; तळावर मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांना नाही.