अ‍ॅव्हगॅस १००एलएल की पंपावरचं १०० ऑक्टेन: टर्बो गाडीत काय भरायचं?

रिमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) टर्बो गाडी चढावर ठोकायला लागली, म्हणजे इंजिनात नॉकिंगची टकटक सुरू झाली, की कोल्हापुरात कुणीतरी सुचवतंच, "थोडं विमानाचं पेट्रोल मिसळ." पंपावर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचं माप) आणि अ‍ॅव्हगॅसच्या नावातही १०० आहे, म्हणून दोन्ही एकच समजली जातात. तसं नाही.

आधी एक घोळ मिटवू. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडणाऱ्या प्रवासी विमानांत असतं ते एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन. पेट्रोल इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही. अ‍ॅव्हगॅस १००एलएल हे प्रशिक्षणाच्या छोट्या पिस्टन विमानांचं, निळसर रंगाचं इंधन. पूर्वी ते बाहेरून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल बडोद्याच्या रिफायनरीत बनवतं. जुन्या अ‍ॅव्हगॅसपेक्षा यात शिसं कमी, पण तरीही लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. आपल्याकडे गाड्यांचं शिसंयुक्त पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं.

आता शंभराचा हिशेब. पंपावरचा आकडा रिसर्च ऑक्टेनचा: ६०० आरपीएमवर, सौम्य चाचणी. अ‍ॅव्हगॅसचा आकडा मोटर ऑक्टेनच्या अंगाने जातो: ९०० आरपीएम, आत जाणारं मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. अ‍ॅव्हगॅसचं मोटर ऑक्टेन किमान ९९.६ असतं. पंपावरचं १०० त्याच चाचणीत साधारण दहा अंकांनी खाली येतं. म्हणजे नॉकिंग रोखण्यात अ‍ॅव्हगॅस खरोखर सरस आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑक्टेनमुळे ताकद आपोआप येत नाही. कॉम्प्रेशन, बूस्ट (टर्बोचा दाब) किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) वाढवलेलं असेल तरच ते कामी येतं. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे बिनटर्बो इंजिनाची ऑक्टेनची भूक इथे मुंबईपेक्षा थोडी कमीच असते.

खरी अडचण शिशाची. ते जळून लेड ऑक्साइड होतं. ते बाहेर काढायला अ‍ॅव्हगॅसमध्ये इथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं. त्यातून होणारं लेड ब्रोमाइड तापलेल्या एक्झॉस्टमधून वाफ होऊन निघून जातं. विमानाचं इंजिन तासन्‌तास जोरात चालतं, तिथे हे जमतं. शाहूपुरीच्या ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीचा प्लग तेवढा तापत नाही. मग इन्सुलेटरच्या तळाशी करड्या बारीक गुठळ्या जमतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसफायर. त्याहून वाईट म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या प्लॅटिनमवर शिशाचा थर बसतो. सेन्सर सुस्तावतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, चुकीची माहिती जाते, मिश्रण बिघडतं. पाठोपाठ धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या बिघाडाचा पी०४२० कोड येतो, पीयूसी नापास. कन्व्हर्टर धुऊन पूर्ववत होत नाही, बदलावाच लागतो.

"चौथा हिस्साच टाकतो" हेही चालत नाही. शिशाची कमाल मात्रा धरली तर चौथ्या हिश्शानेसुद्धा लिटरमागे ०.१४ ग्रॅम शिसं येतं. बीएस-६ पेट्रोलची मर्यादा ०.००५ ग्रॅम, म्हणजे अठ्ठावीस पट.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. अ‍ॅव्हगॅस हलकं असतं, लिटरला साधारण ७०० ते ७२० ग्रॅम. साध्या पेट्रोलवर बसवलेल्या जेटमधून (कार्ब्युरेटरच्या इंधनाच्या छिद्रातून) ते वजनाने कमी जातं, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. मेन जेट एखाद्या आकाराने वाढवून प्लगचा रंग बघावा लागतो. त्याची वाफही लवकर होत नाही, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देते. व्हॉल्व्ह सीट झिजतात म्हणून शिसं हवं असेल, तर हेड काढून उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या. तो कायमचा इलाज आहे.

ज्याच्या मॅपला खरंच ऑक्टेन हवं, त्याने पंपावरचं ९५ किंवा १०० भरावं. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं. मॅप मात्र रोज मिळणाऱ्या पेट्रोलवरच करून घ्या. एकदा १०० वर टायमिंग पुढे घेतलं आणि नंतर साधं भरलं, तर पिस्टनची लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते.

सेन्सर-कन्व्हर्टर नसलेल्या, फक्त ट्रॅकवरच्या उच्च कॉम्प्रेशन इंजिनात अ‍ॅव्हगॅस चालू शकतं. तिथेही आधी स्पर्धेचे इंधन-नियम वाचा. ट्यूनिंगसाठी मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लवकर जातो, तो अधूनमधून बदलावा लागेल असं धरा. ऑइल लवकर बदला.

चुकून टाकीत पडलंच तर गाडी चालू करू नका. टाकी आणि फ्युएल लाइन मोकळ्या हवेत, अर्थिंग केलेल्या धातूच्या डब्यात रिकामी करा. तोंडाने नळी ओढायची नाही. पेट्रोलने हात आणि पार्ट धुण्याची गॅरेजची सवय इथे धोक्याची: टेट्राइथाइल लेड कातडीतून शरीरात शिरतं, म्हणून नायट्राइल हातमोजे घालाच. गाडी चालवून झाली असेल, तर नवं पेट्रोल भरा, प्लग बदला आणि स्कॅनरवर पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) ऑक्सिजन सेन्सर बघा. साधा नॅरोबँड सेन्सर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली व्हायला हवा. रेंगाळत असेल तर तो बदला. काढलेलं इंधन गटारात ओतू नका, ते पंचगंगेत जातं. घातक कचरा घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडे द्या.