‘उमगला तसा देव’ : व्यसनमुक्तीच्या ख्रिस्ती वाटेची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडे एखाद्याची दारू सुटली की ती कशी सुटली हे सांगायची ठरलेली वाक्यं आहेत. ‘त्यानं माळ घातली’ म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. ‘मीटिंगला जातो’ म्हटलं की ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची मीटिंग हे समजून घ्यायचं. आणि मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत एखादी म्हातारी म्हणते, ‘प्रभूत आला, तेव्हापासून शिवला नाही.’ यातली शेवटची दोन वाक्यं मूळची एकाच घरातली आहेत. मीटिंगला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनाही हे बऱ्याचदा ठाऊक नसतं. म्हणून ही टिपणी.

मिशनच्या काळाबद्दल थोडक्यातच सांगतो. साताऱ्यात अमेरिकन मिशनचं ठाणं 1849चं, मिरजेचं मिशन इस्पितळ 1894चं. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) 1882मध्ये मुंबईत उतरली ती दारूविरोधाचा झेंडा घेऊनच. तिच्या सैनिकाला थेंबभर दारूही वर्ज्य. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळ्यांचं मुख्य हत्यार म्हणजे शपथ. सभेत उभं राहायचं, कागदावर सही करायची, ‘यापुढे पिणार नाही’ म्हणायचं. इकडे 1878च्या अबकारी कायद्यानंतर सरकारला दारूतून मिळणारा महसूल महत्त्वाचा होत गेला होता, त्यामुळे या शपथांना राजकीय धारही होती. पण ज्याचं शरीरच दारूवर चालतंय त्याला शपथेनं काही होत नसे. तो शपथ मोडायचा, मग शरमेनं चर्चला यायचाच बंद व्हायचा. शपथेची वाट ही न पिणाऱ्याला पिण्यापासून वाचवणारी वाट होती. पिणाऱ्याला बाहेर काढणारी वाट पुढे निघाली, ती वेगळ्याच ठिकाणी.

तिचा एक धागा पाचगणीच्या पठारावर येऊन पोचलेला आहे. 1921च्या सुमारास एका अमेरिकन लुथेरन धर्मोपदेशकानं ‘पहिल्या शतकातल्यासारखं ख्रिस्ती जगणं’ अशी हाक देत एक चळवळ उभी केली. पुढे तिला ऑक्सफर्ड ग्रुप म्हणू लागले आणि 1938पासून ती ‘मॉरल री-आर्मामेंट’ (नैतिक पुनरुत्थान) या नावानं ओळखली जाऊ लागली. त्याच चळवळीचं केंद्र 1960च्या दशकाच्या अखेरीस पाचगणीत उभं राहिलं. शाळेच्या सहलीला किंवा शिबिराला तिथे जाऊन आलेले लोक आपल्याकडे कितीतरी आहेत. सकाळी वही घेऊन शांत बसायचं, मनात येईल ते लिहायचं, प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्या स्वतःला लावायच्या, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन चूक कबूल करायची. व्यसनमुक्ती हे त्या केंद्राचं काम नाही. पण ए.ए.च्या बारा पायऱ्यांमधली, म्हणजे व्यसनातून बाहेर पडायच्या बारा टप्प्यांमधली, झडती, कबुली आणि भरपाई जिथून आली तो झरा हाच. पाचगणीला वही उघडून बसलेला विद्यार्थी आणि सांगलीत चौथी पायरी लिहायला बसलेला माणूस दूरचे का होईना, भाऊ आहेत.

नोव्हेंबर 1934मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बुडालेल्या शेअरदलालाकडे त्याचा जुना पिणारा मित्र आला. मित्र कोरडा होता. त्याला ऑक्सफर्ड ग्रुपनं सावरलं होतं. दलाल डिसेंबरात पुन्हा इस्पितळात गेला आणि तिथे त्याला आलेल्या आध्यात्मिक अनुभवानंतर त्यानं आयुष्यात परत दारू घेतली नाही. मे 1935मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अक्रनला गेला. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारचा आवाज, दुसऱ्या बाजूला चर्चची यादी. त्यानं यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला : मला बोलायला एक दारुडा हवाय. त्या फोनवरून पुढे ऑक्सफर्ड ग्रुपमधल्या एका बाईंनी त्याची गाठ गावातल्या एका पिणाऱ्या शल्यविशारदाशी घालून दिली. डॉक्टरांचा शेवटचा घोट 10 जून 1935चा मानतात, आणि तोच ए.ए.चा जन्मदिवस.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. दलालाला डॉक्टरला सुधारायचं नव्हतं. त्याला स्वतःला वाचायचं होतं, आणि त्यासाठी समोर दुसरा पिणारा हवा होता. चर्चमध्ये साक्ष देणारा मंचावर असतो आणि ऐकणारे खाली. इथे दोघंही एकाच पातळीवर आले. तरीही अक्रनची सुरुवातीची मंडळी पूर्ण ख्रिस्ती वळणाची होती. बायबलमधलं येशूचं डोंगरावरील प्रवचन, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचं पत्र हे त्यांचं रोजचं वाचन होतं. पातकांची कबुली एकमेकांजवळ करा म्हणजे बरे व्हाल, हे याकोबाचं सांगणं त्यांना इतकं आवडायचं की संघटनेला याकोबाचंच नाव द्यावं असंही काहींच्या मनात होतं.

मग आला 1938चा डिसेंबर. पायऱ्या लिहून काढल्यावर न्यूयॉर्कच्या गटात जोरदार वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, हे ख्रिस्ती आहे तर तसं स्पष्ट लिहा. दुसरी बाजू निरीश्वरवाद्यांची आणि ‘देव’ हा शब्द ऐकूनच उठून जाणाऱ्यांची. शेवटी दुसऱ्या पायरीत ‘आपल्याहून मोठी शक्ती’ आली, तिसऱ्या आणि अकराव्या पायरीत देवाच्या पुढे ‘आम्हाला उमगला तसा’ हे शब्द जोडले गेले आणि सातव्या पायरीतलं ‘गुडघे टेकून’ गळलं. 1939च्या एप्रिलमध्ये ए.ए.चं पुस्तक या पायऱ्यांसह याच स्वरूपात निघालं.

या चार-दोन शब्दांवरून आजही भांडण आहे. माझ्या ओळखीतल्या काही पाळकांच्या मते हे पाणी घालणं होतं. ख्रिस्ताचं नाव काढलं, मग ‘उमगला तसा’ म्हणजे काय, मारुतीही चालेल आणि भिंतही चालेल. त्यांचा त्रास खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. पण त्याच सुमारास अमेरिकेतच काय घडलं तेही पाहा. क्लीव्हलंडहून अक्रनला येणारे काही कॅथलिक अडचणीत आले, कारण प्रोटेस्टंट मंडळीत उघड पापकबुली करणं त्यांच्या चर्चला मान्य नव्हतं. मे 1939मध्ये क्लीव्हलंडला वेगळा गट निघाला, त्यामागे हेही एक कारण. म्हणजे सैलपणाची गरज फक्त निरीश्वरवाद्यांना किंवा परधर्मीयांना नव्हती. एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या दोन चर्चांनाही होती. मला तर हा सैलपणा ख्रिस्ती स्वभावाला धरूनच वाटतो. हरवलेल्या मेंढराला उचलताना मेंढपाळ आधी त्याला आपलं नाव विचारत नाही.

मराठीत आल्यावर हा गुंता आणखी वाढतो. ‘समजला तसा देव’ म्हटलं की डोक्याचं काम वाटतं. ‘मानला तसा’ म्हटलं की आपण निवडून घेतलेला देव वाटतो, जसं कुणाला आपण मामा मानतो. ‘उमगला’ या क्रियापदात उमगणारी गोष्ट आपण होऊन पुढे येते, म्हणून मला तोच शब्द जवळचा वाटतो. ‘शक्ती’ म्हटलं की आपल्या माणसासमोर देवी उभी राहते आणि ख्रिस्ती माणूस अवघडतो. म्हणून बरेच जण सरळ ‘हायर पॉवर’ म्हणून मोकळे होतात. चौथ्या पायरीतला मूळ शब्द दुकानदाराच्या मालमोजणीचा आहे, किती माल शिल्लक, किती सडला. ‘आत्मपरीक्षण’ म्हटलं की तो सडलेला माल नजरेआड होतो. ‘झडती’ हा शब्द अधिक खरा आहे. आणि पहिल्या पायरीतलं ‘हतबल’? आयुष्यभर ‘पुरुषासारखा राहा’ ऐकलेल्या माणसाला हा शब्द तोंडातून काढायला महिने लागतात. वारकऱ्याला ‘शरण’ हा शब्द लहानपणापासून ओळखीचा असतो, ख्रिस्ती माणसालाही. या दोघांची वाट त्यामुळे थोडी सोपी होते, असं मी पाहिलं आहे.

साताऱ्याला या वादाची पूर्वतयारी होती, हे इथे नोंदवायला हवं. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले ख्रिस्ती कवी 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून जागा होती. दोनच वर्षांत, 1919मध्ये, ते गेले आणि दरबार विस्कटला. व्यसनमुक्तीशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण दारात कुणाला घ्यायचं हा न्यूयॉर्कमधला प्रश्न साताऱ्यात त्याआधी एकवीस वर्षं विचारला गेला होता.

भारतात ए.ए. 1957च्या सुमारास आलं. 1981मध्ये वांद्र्यातल्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड देऊन व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. दुसरा प्रवाह उलट दिशेचा. 1958मध्ये पेनसिल्व्हेनियाचा एक पेंटेकॉस्टल पाळक ब्रुकलिनच्या टोळ्यांमधल्या हेरॉइन घेणाऱ्या पोरांकडे गेला आणि त्यातून निवासी घरं निघाली. तिथे ‘उमगला तसा’ नाही. तिथे ख्रिस्त, बायबल, काम, प्रार्थना, आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर पूर्ण भिस्त. 1991मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या चर्चनं मधली वाट काढली. पायऱ्या त्याच ठेवून त्या डोंगरावरील प्रवचनातल्या ‘धन्य ते’च्या वचनांवर बसवल्या आणि आठ तत्त्वं केली. आपल्याकडच्या प्रार्थनाघरांमध्ये हे तिन्ही प्रवाह मिसळून येतात. कुठला कुठून आला हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पहिल्या आठवड्याची. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं की हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचाराविना माणूस यात दगावू शकतो. हे भास म्हणजे सैतानाचा हल्ला समजून त्याला खोलीत कोंडून रात्रभर हात ठेवून प्रार्थना करणं, हे घडलेलं मला माहीत आहे. त्या प्रार्थना करणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या रात्री त्याला योग्य मात्रेतलं औषध, थायमिन (ब1 जीवनसत्त्व) आणि सलाईन हवं होतं. अक्रनचे डॉक्टर हे जाणून होते. 1939मध्ये तिथल्या एका कॅथलिक इस्पितळातल्या नोंदणी विभागाच्या सिस्टरनं पिणाऱ्यांना रुग्ण म्हणून दाखल करून घ्यायला सुरुवात केली, आणि घरी जाताना ती प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचा छोटा बिल्ला ठेवायची : पुन्हा पिणार असशील तर आधी हा मला परत आणून दे. औषध आणि प्रार्थना एका छताखाली. मिरजेला हे नवं नाही. तिथल्या मिशन इस्पितळात शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होत असे, पण प्रार्थना झाली म्हणून भूल द्यायचं कुणी टाळलं नाही.

साताऱ्यात 1990च्या दशकापासून व्यसनमुक्तीचं एक ठळक काम अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या डॉक्टरांनी उभं केलेलं आहे. त्यांची हत्या 2013च्या ऑगस्टमध्ये झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तेव्हापासून ‘प्रार्थनेनं दारू सोडवतो’ या वाक्याकडे इथे लोक बारकाईनं बघतात, आणि ते योग्यच आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही आपल्या कक्षेत घेतले. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्रांना नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक झाला. काही श्रद्धाळू चालकांना हा आपल्या सेवेवरचा घाला वाटतो. मला तसं वाटत नाही. ज्याच्या दाराला बाहेरून कडी आहे त्या घराकडे कुणीतरी येऊन पाहायलाच हवं.

एक प्रश्न राहतो, आणि तो तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात जास्त जवळचा आहे : प्रभुभोजनाचा प्याला, म्हणजे चर्चच्या विधीत भाकरीबरोबर घ्यायची वाइन. पलूसला सरकारनं वाइन पार्क काढलं. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात (जुनं नाव मुंबई दारूबंदी कायदा) धार्मिक विधीच्या वाइनला वेगळी सवलत आहे. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये प्रश्न येत नाही. 1869मध्ये न्यू जर्सीतल्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं द्राक्षरस तापवून तो आंबू न देण्याची युक्ती काढली, तेव्हापासून प्याल्यात रस असतो. आपल्याकडे मनुके भिजवून पिळून काढलेला रसही चालतो. कॅथलिक मिस्साला मात्र द्राक्षारसच, म्हणजे आंबवलेली वाइनच लागते. व्यसनातून बाहेर आलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीनं मुस्टम, म्हणजे आंबणं अगदी सुरुवातीलाच थांबवलेला द्राक्षरस, वापरता येतो, आणि भाविकानं फक्त भाकर घेतली तरी त्याचं सहभोजन पूर्ण मानलं जातं. नव्यानं सावरलेल्या माणसाला हे कुणीतरी रविवारच्या आधीच, बाजूला घेऊन सांगितलेलं बरं.