सायबर सुरक्षेच्या यूएन बैठकीत संस्थेला बसायचंय? मग अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

इंटरनेट मोकळं राहावं म्हणून धडपडणाऱ्या छोट्या संस्था, सिक्युरिटी रिसर्चर लोकांचे गट, डिजिटल हक्कांवर काम करणारे, सगळ्यांना कधी ना कधी वाटतं की देश मिळून सायबरचे नियम ठरवतात तिथे आपणही असायला पाहिजे. बरोबरच आहे ते. सायबर गुन्ह्यांवरचा यूएनचा करार 24 डिसेंबर 2024 ला आमसभेत मंजूर झाला, आणि तो तयार होत असताना रिसर्चर लोक परत परत सांगत होते की चांगल्या हेतूने सिस्टीममधल्या त्रुटी शोधणाऱ्याला स्पष्ट संरक्षण द्या, नाहीतर उद्या तोच आरोपी ठरेल. हे सांगायला तिथे कुणीतरी बसलेलं लागतं. पण अर्ज इतक्या साध्या कारणांनी अडकतात की बघून जीव तुटतो, आणि म्हणून हे लिहितेय.

आधी कुठल्या दारातून जायचं ते ठरवा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. एक दार म्हणजे इकोसॉकचा, म्हणजे यूएनच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचा, सल्लागार दर्जा, ज्याला सगळे कन्सल्टेटिव्ह स्टेटस म्हणतात. हा एकदा मिळाला की फक्त सायबरच नाही, जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेतही संस्थेला निरीक्षक म्हणून जाता येतं, बोलता येतं. ऑफलाइन जे हक्क आहेत ते ऑनलाइनही जपले पाहिजेत हा ठराव 2012 ला त्याच परिषदेने केला होता. दुसरं दार म्हणजे एखाद्या ठरावीक बैठकीपुरती मिळणारी मान्यता. सायबर सुरक्षेवरचा जो खुला कार्यगट 2021 ते 2025 चालला त्यात असंच होतं, दर्जा असलेल्या संस्थेने सचिवालयाला नुसतं कळवायचं आणि बाकीच्यांनी वेगळा अर्ज करायचा. जुलै 2025 ला त्या गटाचं काम संपलं आणि पुढे कायमची यंत्रणा उभी करायची असं सगळ्या देशांनी मान्य केलं, तेव्हा इथून पुढे दर वेळी त्या त्या बैठकीची सूचना वाचायची, जुन्या गटाची पीडीएफ कुणीतरी फॉरवर्ड केली म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही.

आता इकोसॉक. इथे तुमचं तांत्रिक ज्ञान कुणी तपासत नाही. नोंदणी, पैसा आणि शब्द, अर्ज अडकतो तो या तिन्हींत.

नोंदणीचं बघा. संस्था किमान दोन वर्षं अस्तित्वात हवी, पण अस्तित्वात म्हणजे सरकारदरबारी अधिकृत नोंद होऊन दोन वर्षं. आपल्या क्षेत्रातले कितीतरी गट मेलिंग लिस्टवर आठ-दहा वर्षं झकास काम करतात, मग यूएनला जायचं म्हणून घाईने नोंदणी करतात आणि पुढच्याच वर्षी अर्ज टाकतात. अशा अर्जात आधीची दहा वर्षं धरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की आज यूएनला जायचा विचार नसला तरी नोंदणी आजच करून ठेवा, ही दोन वर्षं नंतर कुठल्याही ओळखीने भरून निघत नाहीत. आणि सर्टिफिकेटवरचं नाव, घटनेतलं नाव, वेबसाइटवरचं नाव, तिन्ही एकच ठेवा. खरंच. कंपन्यांना हा दर्जा मिळत नाही, एकट्या व्यक्तीलाही नाही.

तारखेचं सांगते. शेवटची तारीख 1 जून, पण त्या अर्जाचा विचार होतो पुढच्या वर्षीच्या बैठकांत. जूनमध्ये अर्ज भरून सप्टेंबरच्या बैठकीची तिकिटं बघणारे लोक आहेत, त्यांना थांबवावं लागतं. शिवाय ऑनलाइन सिस्टीमवर आधी संस्थेची प्रोफाइल तयार करायची, ती मंजूर झाली की मगच मूळ अर्ज उघडतो, म्हणून 30 मेच्या रात्री बसलात तर संपलं. अर्जाला फी नाही. कुणी एजंट फी मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

कागद फार नाहीत. प्रश्नावली, नोंदणीचं सर्टिफिकेट, संस्थेची घटना, ताजा आर्थिक हिशोब. सगळं इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, घटना दुसऱ्या भाषेत असेल तर भाषांतर जोडा.

यातला हिशोब हा खरा काटा. फुकटात काम करणाऱ्या गटांकडे हिशोबच नसतो, मग ते शून्य जमा शून्य खर्च लिहून मोकळे होतात आणि अर्ज तपासणारी कमिटी विचारते की पैसे नाहीत तर एवढे प्रकल्प चालवता कसे. प्रश्न रास्त आहे. सर्व्हरचा खर्च कोण भरतं, डोमेन कोणाच्या नावावर आहे, किती लोक बिनपगारी काम करतात, हे चार ओळीत स्वच्छ लिहा. आणि कुठल्याही सरकारचा पैसा घेतला असेल, आपल्या किंवा परक्या, थेट किंवा फिरून आलेला, तर तो उघड सांगायचा असा इकोसॉकच्या 1996 च्या मूळ ठरावातच नियम आहे. सायबर सुरक्षेतली बरीच ट्रेनिंगं परदेशी सरकारांच्या मदतीवर चालतात. लपवलेलं ग्रँट नंतर सापडलं की संस्थेच्या प्रत्येक वाक्यावर संशय येतो.

शब्दांचं प्रकरण लोकांना पटतच नाही, पण अर्ज सगळ्यात जास्त त्यानेच लांबतात. संस्थांची कमिटी 19 देशांची असते आणि त्यातल्या कुणाही सदस्याला प्रश्न विचारता येतो, प्रश्न आला की अर्ज पुढे ढकलला. वेबसाइटवर देशांच्या यादीत तैवान वेगळा देश म्हणून दिसला की प्रश्न येणार हे धरूनच चाला. आपला इंटरनेट बंदीचा नकाशा, सेन्सॉरशिपचा जुना रिपोर्ट, पार्टनर संस्थांचं पान, सगळं वाचलं जातं. तुमचं मत बदला असं मी म्हणत नाहीये, ते बदलूच नका, पण आपल्या साइटवर काय आहे ते अर्जाआधी आपण वाचलेलं तरी असू द्या.

प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, आणि लवकर. तीन वेळा आठवण करूनही उत्तर आलं नाही तर कमिटी फाइल बंद करते, आणि फाइल बंद होते ती बहुतेकदा नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी ईमेल अर्जात दिलेला असतो म्हणून. संस्थेचा सामायिक पत्ता द्या. बंद झालेल्या फाइलवर नव्याने अर्ज करता येतो, पण मधली वर्षं जातात.

कधीकधी मात्र तुमची काहीच चूक नसते, हेही सांगितलं पाहिजे. जातीभेदावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय दलित एकता नेटवर्कचा अर्ज 2008 पासून प्रश्नांत रखडला होता, शेवटी डिसेंबर 2022 ला इकोसॉकच्या पूर्ण परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. पत्रकारांच्या संरक्षणासाठी असलेल्या सीपीजेला कमिटीने मे 2016 मध्ये नाकारलं आणि जुलैत परिषदेने तो निर्णय फिरवला. म्हणजे कमिटीचा नकार शेवटचा नसतो. चौदा वर्षं प्रश्न विचारत राहणं याला छाननी म्हणत नाहीत, दाबून ठेवणं म्हणतात.

बैठकीपुरत्या मान्यतेत याहून कठीण गोष्ट आहे ती आक्षेपाची. खुल्या कार्यगटाचा 2022 चा नियम असा होता की कुठल्याही एका देशाने आक्षेप घेतला तर संस्था बाहेर, आणि कारण अध्यक्षांना सांगायचं की नाही ते त्या देशाच्या मर्जीवर. त्याच वर्षी रशियाने बऱ्याच संस्था अडवल्या, युक्रेननेही काही अडवल्या. नाकारलेल्या संस्थेला धड उत्तर मिळायची सोय नाही, हे चूक आहे आणि चूक म्हणूनच सांगत राहिलं पाहिजे. तोवर उपाय हा की अर्जात संस्थेचा हेतू आणि काम त्या गटाच्या विषयाला धरून लिहा, देशांची नावं घेऊन आरोप तिथे नकोत. नाकारलं गेलं तर ज्यांना मान्यता मिळालीय त्यांच्याबरोबर मिळून लेखी निवेदन देता येतं, किंवा आपल्या सरकारच्या शिष्टमंडळात तज्ज्ञ म्हणून घेतात का विचारता येतं, काही देश घेतात.

एकटे असाल तर इकोसॉकच्या मागे लागू नका. यूएनच्याच इंटरनेट गव्हर्नन्स फोरमला व्यक्ती म्हणून नोंदणी करता येते, फक्त नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनच्या धोरणांवर जाहीर अभिप्राय कुणीही देऊ शकतं. इंटरनेटचे तांत्रिक मानक ठरवणाऱ्या आयईटीएफला तर सदस्यत्वच नाही, मेलिंग लिस्टवर या आणि बोला.

आणि इकोसॉकचा दर्जा मिळाला की दर चार वर्षांनी कामाचा अहवाल द्यायचा असतो, दर्जाच्या जनरल आणि स्पेशल दोन्ही प्रकारांना. तो चुकला तर दर्जा आधी स्थगित होतो आणि नंतर काढून घेतला जातो. पत्र येईल त्याच दिवशी पुढची तारीख दोन-तीन जणांच्या कॅलेंडरवर टाका.