एका भागाचा खलनायक: राक्षसपार्टीपासून सोलापूरच्या पाहुण्या नटापर्यंत

सोलापूरच्या हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं काम करणारा माझा एक मित्र नुकताच एका हिंदी गुन्हेमालिकेत दिसला. पाहुणा कलाकार म्हणून, एकाच भागापुरता, आणि काम खुन्याचं: भागीदाराचा काटा काढणारा ट्रान्सपोर्टवाला. त्या रात्री साखर पेठेतल्या त्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी पोलिसानं कानाखाली जाळ काढला तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "मारलं की रे तुला." दुसऱ्या दिवशी पार्क चौकात दोन शाळकरी पोरांनी त्याला ओळखलं. एक दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "खुनी चाललाय बघ बे."

त्या पोराला नटाचं नाव माहीत नव्हतं. नाव पडद्यावर आलं होतं, पण शेवटी, बारीक अक्षरांत, पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीखाली दडून पळत गेलं. मला हे फार लागतं, कारण गुन्हेमालिकेतला तो चाळीस मिनिटांचा खेळ या पाहुण्याच्या खांद्यावर उभा असतो. पोलीस तेच, कचेरी तीच, त्यांचं बोलणंही ठरलेलं. दर भागात नवा असतो तो फक्त मेलेला आणि मारणारा. मेलेला पहिल्या दोन मिनिटांत सुटतो. मारणाऱ्याला शेवटपर्यंत राहावं लागतं. या मारणाऱ्याची वंशावळ आपल्याकडे बरीच मागे जाते, म्हणून हे टिपण.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला. त्यांच्या आणि त्यांच्या मागून निघालेल्या नाटकमंडळ्यांत नटांची वाटणी ठरलेली असे: देवपार्टी, स्त्रीपार्टी आणि राक्षसपार्टी. पदं सूत्रधार म्हणायचा आणि मधलं गद्य ज्या त्या नटानं जागच्या जागी रचून बोलायचं. राक्षसपार्टीत अंगापिंडानं दणकट आणि घशानं तगडा माणूस लागे. तो तोंड रंगवून, तलवार परजत, आरोळी ठोकतच रंगणात येई. ती आरोळी इतकी कानांत बसली की नव्या पिढीनं या नाटकांना 'अलल्डुर्र' नाटकं म्हणून नावं ठेवली. पण राक्षसाच्या कामाचा साचा बघा. मधेच यायचं, सगळ्यांना हादरवायचं, देवाला मोठं करायचं आणि मरून जायचं. आजचा पाहुणा खलनायक तेच करतो, फक्त मरण्याऐवजी बेड्या घालून घेतो.

आरोळीच्या पुढचं पाऊल पडलं ते खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त, १९०७ साली. हा कीचक सत्तेचा माज चढलेला दरबारी माणूस होता. प्रेक्षकांना त्याच्यात सरळ इंग्रजांचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. खलनायकाला ओळखीचा चेहरा मिळाला की प्रेक्षागृहात काय होतं, हे मराठी रंगभूमी तेव्हाच शिकली.

मग निळू फुले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा नट १९६८ पासून पडद्यावर दिसू लागला. एकामागून एक पाटील, सरपंच, साखरसम्राट त्यांनी उभे केले आणि खलनायकाची आरोळीच काढून टाकली. आवाज खालच्या पट्टीत, शब्द ओढून, डोळे अर्धे मिटलेले. प्रत्यक्षात चळवळीतला, अत्यंत साधा असा हा माणूस समोर आला तरी गावोगावच्या बायका त्याला बोल लावायच्या, हे महाराष्ट्रात घरोघरी सांगितलं जातं. माझ्या मते टीव्हीवरचा खलनायक खऱ्या अर्थानं इथे जन्मला. घरातल्या पडद्यावर आरोळी हास्यास्पद वाटते, तिथे कुजबूज लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा ती कुजबूज मराठी माणसाच्या कानाला सवयीची झाली होती.

दूरदर्शनवरच्या मराठी गुन्हेमालिकांत 'एक शून्य शून्य'चं नाव आधी घ्यायला हवं. पोलिसांच्या फोन क्रमांकावरून घेतलेलं ते नाव. मालिकेमागे बी. पी. सिंग होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून ते मुंबई दूरदर्शनवर बातम्यांचं छायाचित्रण करत. तिथेच त्यांची आणि शिवाजी साटम यांची जोडी जमली. साटम बँकेत नोकरी करून नाटकं करणारे, म्हणजे आपल्याकडच्या हौशी नटांच्याच जातकुळीतले. पुढे याच जोडीनं 'सीआयडी' केली. देशभर गाजलेल्या त्या हिंदी मालिकेचं बी मराठीत पेरलं गेलं होतं, हे सांगताना मला आजही आनंद होतो. त्याच सुमारास रमेश भाटकर यांच्या 'हॅलो इन्स्पेक्टर'नंही घराघरांत पोलीस आणला.

'सीआयडी'चा पहिला भाग सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ ला लागला आणि पहिली खेप २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली. वीस वर्षांत दीड हजारांहून जास्त भाग. एवढ्या खुनांना खुनी कुठून आणायचे? शिवाय या धंद्यात एक पेच कायम असतो. चार संशयितांत एखादा नावाजलेला नट बसवला की प्रेक्षक पाचव्या मिनिटाला म्हणतो, "हाच असणार, नाहीतर ह्याला कशाला घेतला असता?" रहस्य तिथेच फुटतं. म्हणून अशा मालिकेला चेहरा अनोळखी आणि अभिनय मुरलेला असा नट हवा असतो. रंगभूमीवरच्या, त्यातही मुंबईबाहेरच्या नटाकडे नेमक्या या दोन्ही गोष्टी असतात. जिल्ह्याच्या गावात तो दहा-बारा वर्षं पायरी पायरीनं घडलेला असतो आणि बाहेर त्याला कुणी पाहिलेलं नसतं.

काम वाटतं त्याहून अवघड आहे. अर्ध्याहून जास्त भागात त्या नटाला निरपराध माणूस वठवायचा असतो आणि तरीही दुसऱ्यांदा बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की अरे, याच्या डोळ्यांत तेव्हाच होतं की. म्हणजे एकाच वेळी दोन भूमिका. त्यात चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही. जी जागा मिळाली तिथले सगळे प्रसंग आधी उरकतात. माझ्या मित्रानं कबुलीजबाब पहिल्या दिवशी दिला आणि खून तिसऱ्या दिवशी केला. तालमीत दीड-दोन महिने एकच भूमिका अंगात मुरवणाऱ्या नटाला ही उलटी चाल पेलणं सोपं नसतं. तो सांगत होता, "पश्चात्ताप आधी करून बसलो, मग राग कुठून आणू? रात्री झोपताना अख्खी गोष्ट सरळ क्रमानं मनात म्हणायचो, एकांकिकेसारखी."

आदित्य श्रीवास्तव यांची गोष्ट या संदर्भात आठवावी अशी आहे. इन्स्पेक्टर अभिजीत म्हणून ते वर्षानुवर्षं दिसले, पण त्याआधी याच मालिकेत ते पाहुणे होते, आणि तेही गुन्हेगार म्हणून. गजांच्या आतून बाहेर आलेला हा एक नट. बहुतेकांच्या वाट्याला तसं येत नाही. तेच नट चार-सहा वर्षांनी पुन्हा बोलावले जातात, कधी बळी म्हणून, कधी खुनी म्हणून, आणि प्रेक्षक "ह्याला कुठं तरी बघितलाय" म्हणून पुढे जातो.

अमेरिकेतल्या 'कोलंबो' मालिकेनं याच कोड्याचं उलट उत्तर काढलं होतं. १९७१ पासून नियमित चाललेल्या त्या मालिकेत खून करणारा सुरुवातीलाच दाखवत. लपवायचं काहीच नसल्यामुळे खुन्याच्या कामाला मोठमोठे नट येत. पॅट्रिक मॅगूहन या नटाला तर तिथल्या पाहुण्या खुन्याच्या भूमिकांसाठी दोनदा एमी पुरस्कार मिळाला. पाहुण्या खलनायकाचा असा मान आपल्याकडेही व्हावा असं मला मनापासून वाटतं. 'सीआयडी' डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षी तिग्मांशू धुलिया यांच्यासारखा नामवंत दिग्दर्शक-नट बार्बोझा नावाचा खलनायक होऊन आला, तेव्हा त्याच्या नावाचा गाजावाजा झाला. तो चेहरा लपवण्यासाठी आणलाच नव्हता. एका भागाच्या अनोळखी खुन्याची गोष्ट वेगळी.

मधल्या काळात मागणी आणखी वाढली. २००३ मध्ये 'क्राइम पेट्रोल' आली, २०१२ मध्ये 'सावधान इंडिया'. खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या या मालिकांत खलनायक टोळीचा म्होरक्या नसे. दीर, भाडेकरू, बांधावरून भांडणारा चुलतभाऊ, कर्जात बुडालेला दुकानदार, असलीच माणसं. इथे मुंबईचा गोरागोमटा चेहरा चालेनासा झाला. ज्याच्या चालण्यात तालुक्याचं गाव आहे, असा माणूस हवा झाला. मराठीत २०११ पासून स्टार प्रवाहवर 'लक्ष्य'नं हीच गरज पुढे नेली. आणि २०२० मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' आली, तेव्हा खुनी एका भागातून बाहेर पडून मालिकेचाच नायक झाला. सातारा जिल्ह्यातल्या खऱ्या प्रकरणावरून प्रेरित त्या भूमिकेनं किरण गायकवाड यांचं नाव घरोघरी नेलं. त्यांनीही आधी दुसऱ्या मालिकेत खलनायकच केला होता.

आता सोलापूर. आमच्या गावानं पडद्याला खल माणसं दिली ती आजची नव्हेत. हिंदी चित्रपटातली नावाजलेली खलनायिका शशिकला मूळची इथली, जन्म १९३२. पाच वर्षांची असल्यापासून ती जिल्ह्यातल्या गावांत नाच-गाणी करत होती. वडिलांचा व्यापार बुडाला, कुटुंब मुंबईला गेलं, आणि १९४५ मध्ये नूरजहाँच्या 'झीनत'मधल्या कव्वालीत तिला पहिली संधी मिळाली. पुढे 'आरती' आणि 'गुमराह' या चित्रपटांतल्या नकारात्मक भूमिकांसाठी लागोपाठ फिल्मफेअर पुरस्कार. भांडण लावणारी जाऊ, धमकावणारी बाई, असली कामं तिनं अशी केली की नायिकेपेक्षा तीच लक्षात राहावी. २००७ मध्ये तिला पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये ती गेली. बाळीवेशीत किंवा नवी पेठेत आज किती जणांना ती आपल्या गावची म्हणून ठाऊक आहे, असा प्रश्न पडतो. तिच्या नावाची एखादी पाटी तरी इथे दिसायला हवी.

दुसरं नाव अतुल कुलकर्णी यांचं. हरिभाई देवकरण प्रशालेतून मॅट्रिक, मग पुण्यात इंजिनीअरिंग अर्धवट सोडून परत सोलापूर, इथेच इंग्रजी साहित्याचा अभ्यास आणि 'नाट्य आराधना' या संस्थेतून रंगभूमीवर काम. १९९५ मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडले. त्यांना मिळालेले दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार सहायक अभिनेत्याचे आहेत: एक 'हे राम'मधल्या माथेफिरूसाठी आणि दुसरा 'चांदनी बार'मधल्या गुंडासाठी. काळोखी माणसं समजून घेऊन उभी करायची तालीम या गावाच्या मातीत आहे, असं मी म्हणतो ते याच्या जोरावर.

ती तालीम कुठे होते? राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि सोलापूर तिचं एक केंद्र आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात प्राथमिक फेरीचे प्रयोग असतात. गिरणी, यंत्रमाग, शाळा, बँक, महापालिका, कुठे कुठे नोकरी करणारी माणसं रात्री आठनंतर एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवून तालीम करतात. शिवाय हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू असं चार भाषांचं गाव. इथला नट घरी तेलुगू बोलतो, दुकानात कन्नड ऐकतो, मित्रांशी "काय करूलालास बे" म्हणतो आणि रंगमंचावर प्रमाण मराठी. हिंदी मालिकेत निरनिराळ्या प्रांतांची माणसं वठवायला याहून चांगलं शिक्षण कुठलं?

आता निवडीची चाचणीही मोबाइलवर होते. घरच्या भिंतीला चादर लावायची, दोन संवाद रेकॉर्ड करायचे, पाठवून द्यायचे. निवड झाली की नोकरीतून रजा काढायची आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसायचं, की सकाळी मुंबई. मानधन हातात यायला तीन-तीन महिने लागतात. तोवर गाडीभाडं, रिक्षा, जेवण सगळं पदरचं. मालिकांत पहिल्यापासून असलेल्या चेहऱ्यांना या गोष्टी सोसाव्या लागत नाहीत. पाहुण्याला लागतात. त्याचं नाव सुरुवातीच्या पाट्यांत, वाचता येईल इतका वेळ थांबवावं, एवढी मागणी मला अजिबात मोठी वाटत नाही.

मित्र आता परत कामावर रुजू झालाय. संध्याकाळी तालमीला येतो. यंदा स्पर्धेच्या नाटकात त्याला निवृत्त शाळामास्तराचं काम आहे, दोन अंकांत मिळून अकरा वाक्यं. परवा तालीम चालू असताना शाळेचा शिपाई दारात उभा राहून बघत होता. बराच वेळ झाल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, "मास्तर खून कधी करणारेत?"