संघाचा गाभा (आइस हॉकी)

ज्या चार-सहा खेळाडूंभोवती जनरल मॅनेजर (खेळाडू निवडणारा आणि त्यांचे करार करणारा अधिकारी) बरीच वर्षे संघ बांधतो, त्यांना गाभा म्हणतात. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) २००५-०६ पासून संघाच्या वेतनखर्चाला कडक मर्यादा (सॅलरी कॅप) आहे. त्यामुळे खेळाडू किती चांगला, याइतकेच त्याच पैशात आणखी कोण बसले असते, हेही मॅनेजरला जोखताना पाहावे लागते.

टोरोंटो मेपल लीफ्स या संघाच्या काइल डुबस यांनी गाभा नीट बांधला की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. ते मे २०१८ ते मे २०२३ जनरल मॅनेजर होते. नायलँडर (२०१४), मार्नर (२०१५) आणि मॅथ्यूज (२०१६) यांची ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) निवड त्याआधीची, म्हणून तिचे श्रेय त्यांना देता येत नाही. त्यांचे काम दिसते ते करारांत. १ जुलै २०१८ रोजी जॉन टॅव्हारेस सात वर्षांसाठी, वर्षाला १.१ कोटी डॉलरवर आले आणि संघातला भाव तिथेच ठरला. नायलँडर यांची सही १ डिसेंबरच्या मुदतीला टेकून झाली. ती टळती तर त्यांचा हंगामच बुडाला असता. २०१९ मध्ये मॅथ्यूज १.१६३४ कोटी आणि मार्नर १.०८९३ कोटींवर थांबले. चौघांचे मिळून सुमारे ४.०५ कोटी, कॅप ८.१५ कोटी, २३ जणांच्या ताफ्यातल्या उरलेल्या १९ जणांना सरासरी साडेएकवीस लाख.

कोविडमुळे कॅप तीन हंगाम तिथेच गोठली. २०१९ मध्ये हे कुणालाच दिसणे शक्य नव्हते, तेव्हा तो दोष डुबस यांचा नाही. खरी चूक करारांच्या कालावधीत होती: मॅथ्यूज यांना मोठी रक्कम देऊनही पाचच वर्षे मिळाली. कोलोरॅडो संघाने २०१६ मध्ये आपल्या मॅकिनन यांना सात वर्षे, वर्षाला ६३ लाखांत बांधले होते. तेव्हाची कॅप कमी होती हे धरले, तरी फरक मोठाच राहतो.

२०१९ ते २०२२ चारही वर्षे लीफ्स प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) पहिल्याच मालिकेत हरले. २०२१ मध्ये तर माँट्रियलविरुद्ध ३-१ अशी आघाडी असताना. २०२३ मध्ये टँपा बेला हरवले, ते २००४ नंतरचे पहिले मालिकायश. पण सात सामन्यांची मालिका एकटा गोलकीपरही फिरवतो, म्हणून नुसत्या निकालांवरून निवाडा करणारे फसतात.

मार्नर यांचा दुसऱ्या संघाशी होणारी अदलाबदल नाकारण्याचा हक्क १ जुलै २०२३ रोजी लागू झाला; त्यानंतर त्यांच्या संमतीशिवाय त्यांना देता येत नव्हते. डुबस मे महिन्यातच गेले होते, त्यामुळे ती तारीख हातची जाऊ देण्याचा हिशेब त्यांच्या जागी आलेल्या ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांच्याही नावावर मांडावा लागतो. २०२५ मध्ये मार्नर व्हेगसला गेले, तेव्हा टोरोंटोला बदल्यात निकोलस रॉय हा एकच खेळाडू मिळाला.